एखादी जमातच गुन्हेगार असते का? लेबलिंग थिअरी कोर्टाच्या व्हरांड्यातून

प्रश्न थोडक्यात असा आहे: "एमए समाजशास्त्राला डेव्हियन्सचा, म्हणजे विचलनाचा (समाजाचे नियम मोडण्याचा) पेपर आहे. लेबलिंग थिअरी (लोकांनी आणि यंत्रणेनं मारलेल्या शिक्क्याचा माणसावर काय परिणाम होतो ते सांगणारी) वाचली पण पटत नाही. चोरी केली म्हणून चोर म्हणतात, चोर म्हटलं म्हणून कुणी चोरी करायला लागतो का? आणि काही समाजांची नावं पोलीस रेकॉर्डवर जास्त असतात हे तर खरंच आहे ना? मग ही थिअरी म्हणजे गुन्हेगाराला मोकळं सोडायची पळवाट नाही का?"

मी बरीच वर्षं सोलापूर-धाराशिव-अहिल्यानगर या पट्ट्यात फौजदारी वकिली करतेय, त्यातली बरीचशी लीगल एडमधून (गरिबांना सरकारी खर्चानं मिळणारी वकिली मदत) आलेली कामं, पक्षकार बहुतेक पारधी, कैकाडी, वडार, कंजारभाट. मधूनमधून एमएसडब्ल्यूच्या पोरांना शिकवायलाही जाते. त्यामुळे पुस्तक आणि पोलीस स्टेशन दोन्हीकडून सांगते, जरा लांबेल.

रेकॉर्डपासूनच सुरू करू, कारण घोळ तिथंच आहे. पोलीस रेकॉर्ड म्हणजे गावात कुणी काय केलं याची यादी असं आपण धरून चालतो, पण ती असते पोलिसांनी कुणाला धरलं याची यादी. आता बघा, एखाद्या वस्तीवर रात्री घरफोडी होते, कुणी पाहिलेलं नाही, ठसे नाहीत, सकाळी पेपरात बातमी, आमदाराचा फोन, वरून एसपी साहेब विचारतायत डिटेक्शन कधी. मग रात्री कोंबिंग ऑपरेशन. गाडी कुठं जाते? सोसायटीत जात नाही, माळावरच्या पालांकडं जाते, कारण तिथली नावं रजिस्टरला आधीच आहेत. दोन-चार पोरं उचलली, त्यातल्या एकाने मारानं म्हणा की भीतीनं म्हणा काहीतरी कबूल केलं (पोलिसांपुढचा कबुलीजबाब कोर्टात चालत नाही हे त्याला कुठं माहीत असतं), थोडा मुद्देमाल दाखवला, की त्याच पोरावर आसपासच्या हद्दीतले पडून राहिलेले गुन्हेही चढतात. दुसऱ्या दिवशी पेपरात "सराईत टोळी जेरबंद, अमुक इतके गुन्हे उघडकीस". काही वर्षांनी तो निर्दोष सुटतो, ती बातमी कुठंच येत नाही, पण रजिस्टरला नाव राहतं. पुढच्या घरफोडीला गाडी परत त्याच पालावर, आणि तुम्ही म्हणता बघा, रेकॉर्डच सांगतंय. रेकॉर्ड स्वतःच स्वतःचा साक्षीदार झालाय इथं, एवढंच.

हे रजिस्टर आलं कुठून, तर १८७१ च्या क्रिमिनल ट्राइब्ज ॲक्टमधून. विचार असा होता की या देशात सुताराचा पोरगा सुतार होतो, विणकराचा विणकर, तसं काही जाती पिढ्यान्‌पिढ्या गुन्हाच करतात, तो त्यांचा धंदाच. म्हणजे जातिव्यवस्थेबद्दलचं अर्धवट ज्ञान घेऊन त्याचा कायदा केला. सरकारनं एखादी जमात गुन्हेगार म्हणून जाहीर केली की झालं, ती नोटिफिकेशन योग्य की अयोग्य हे कोर्टानं बघायचंच नाही असं त्या कायद्यात लिहिलेलं होतं. मग प्रत्येकाची नोंदणी, ठरल्या वेळेला हजेरी, गाव सोडायचं तर पास. आधी हा उत्तर हिंदुस्थानात होता, १९११ च्या कायद्यानं तो देशभर लावता येऊ लागला, १९२४ ला पुन्हा एकत्रित कायदा झाला. आपल्या मुंबई इलाख्यात यातून सेटलमेंट उभ्या राहिल्या, तारेच्या कुंपणाच्या आतल्या वसाहती. सोलापूरची त्यातली मोठी, आणि तिथल्या माणसांना कामाला कुठं लावलं तर गिरण्यांमध्ये. सुधारणा म्हणायचं आणि गिरण्यांना बांधलेला मजूर मिळायचा, दोन्ही एकाच कुंपणात जमलं. सोलापूरकर आजही त्या भागाला सेटलमेंटच म्हणतात.

आता यात कुणाकुणाला घातलं ते बघितलं की तुमच्या पेपरातला समाजशास्त्रज्ञ मर्टनही समजतो. मर्टननं १९३८ ला मांडलं की समाज ध्येय सगळ्यांना सारखं देतो पण तिथं जायचा सरळ रस्ता सगळ्यांना देत नाही, मग काही लोक आडवाट धरतात. बंजारे बैलांच्या तांड्यांवरून मीठ आणि धान्य वाहायचे, रेल्वे आली, मिठावर सरकारी ताबा आला, धंदा बसला. पारधी फासे लावून शिकार करायचे, जंगल कायद्यांनी जंगल बंद झालं आणि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं उरलीसुरली शिकारही गुन्हा झाली. कायदा चुकीचा होता असं मी म्हणत नाही, जनावरं वाचायलाच हवीत, पण ज्याच्या हातात तेवढंच कसब होतं त्याला पर्याय काय दिला हे कुणी विचारलं नाही. आदल्या दिवशीचा व्यवसाय दुसऱ्या दिवशी कलम झाला. आणि फिरस्ता माणूस शेतसारा भरत नाही, एका जागी सापडत नाही, हे कोणत्याही सरकारच्या डोळ्यात खुपतंच.

इथं लेबलिंग थिअरीवाला बेकर येतो. १९६३ ला त्यानं म्हटलं की विचलन हे कृत्यात नसतं, नियम कोण करतो आणि तो कुणाला लावतो यात असतं. वाक्य पुस्तकी वाटतं म्हणून तुम्हाला घरचंच उदाहरण देते, दारूचं. १९४९ चा दारूबंदी कायदा महाराष्ट्रात अजून आहे, कागदोपत्री विदेशी दारू प्यायला परमिट लागतं. आता तुमच्या ओळखीत बारमध्ये बसणारे किती आणि परमिट खिशात असणारे किती? त्यांना कुणी गुन्हेगार म्हणतं का, ते स्वतःला म्हणतात का? त्याच कायद्याखाली हातभट्टीच्या केसेस मात्र ठराविक वस्त्यांवर नियमानं पडतात, महिनाअखेरीला जरा जास्तच, टार्गेट असतं. हातभट्टीनं माणसं मरतात हे खरं आहे, मी तिची बाजू घेत नाहीये. पण मोडणारे दोघंही, आणि "रेकॉर्डवरचा" एकच. सदरलँडनं १९३९ ला पांढरपेशा गुन्हेगारीचा विषय काढला तो याच कारणानं, पतसंस्था बुडवणारा माणूस गावात फिरतो तेव्हा लोक त्याला चेअरमन साहेब म्हणूनच नमस्कार घालतात, आणि ठेवी बुडालेल्यांचं नुकसान शंभर घरफोड्यांनी होणार नाही एवढं असतं.

बरं, आता तुमचा मुख्य प्रश्न, चोर म्हटल्यानं कुणी चोर होतो का. नुसतं म्हटल्यानं होत नाही, आणि थिअरी तसं म्हणतही नाही. लेमर्टनं १९५१ ला दोन टप्पे केलेत, प्राथमिक विचलन आणि दुय्यम विचलन. पहिलं कुणीही करतं, कशानंही करतं, भूक, संगत, मस्ती, आणि बहुतेकांचं तिथंच संपतं. दुसरं म्हणजे त्या पहिल्यावर लोकांनी आणि यंत्रणेनं जे केलं त्यातून माणसाचं आयुष्यच त्या शिक्क्याभोवती रचलं जाणं. माझ्याकडच्या फायली उघडल्या तर साचा जवळपास ठरलेला दिसतो. अठरा-एकोणीसचं पोरगं, कधी केबल किंवा विहिरीवरची पाण्याची मोटार चोरलेली असते, कधी तेही केलेलं नसतं. सूर्यास्तानंतर "संशयास्पद फिरताना मिळून आला" म्हणून पोलीस ॲक्टचं १२२ लागतं, नाहीतर चॅप्टर केस (चांगल्या वर्तनाचा बाँड लिहून घ्यायची प्रतिबंधक कारवाई) होते. जामीन मंजूर होतो हो, कायद्यात अडचण नाही, अडचण जामीनदाराची. कोर्टाला सातबारा असलेला माणूस पाहिजे. पालावरच्या माणसाला सातबारेवाला कोण उभा राहणार? मालकही नाही, सरपंचही नाही. सुप्रीम कोर्टानं मोतीराम केसमध्ये १९७८ लाच सांगितलंय की गरिबाला परवडणार नाही असा जामीन मागू नका, दुसऱ्या जिल्ह्यातला जामीनदार आहे म्हणून नाकारू नका. खाली तालुक्याला ते पोचायला अजून वाट बघतेय मी. तर पोरगं काही महिने आत. बाहेर ऊसतोडीची उचल घेतलेली असते, मुकादम घरच्यांच्या मागं लागतो. आत कोण भेटतं तर खरोखर मुरलेले लोक, आणि सदरलँडचंच दुसरं म्हणणं, की गुन्हा हा जवळच्या माणसांत शिकला जातो, ते आपण सरकारी खर्चानं सिद्ध करून देतो. सुटताना कुणी जामीनदार "मिळवून" दिलेला असतो, त्याचे पैसे द्यायचे असतात. काम मागायला गेला तर "तू आत होतास ना". आता त्याला हिशोब करायला समाजशास्त्र लागत नाही. पहिल्या वेळी त्यानं केलं होतं की नाही याची मला खात्री नसते, चौथ्या वेळी बहुतेकदा केलेलं असतं. मधल्या दोन-तीन वर्षांत जे झालं त्याला लेमर्ट दुय्यम विचलन म्हणतो.

म्हणून मी विद्यार्थ्यांना सांगते की लेबल म्हणजे टोमणा समजू नका. लेबल म्हणजे हिस्ट्री शीट (ठाण्यात एकेका माणसावर नजर ठेवायची फाईल), चॅप्टर, तडीपारीचा प्रस्ताव, जामीनदाराची अट. शिवी विसरता येते, फाईल पुढच्या पीआयकडे चार्जमध्ये जाते.

फाईल कुठपर्यंत नेऊ शकते त्याचं एक प्रकरण सांगते, सगळं पब्लिक रेकॉर्डवर आहे. जून २००३, नाशिकजवळ शेतातल्या घरावर दरोडा, पाच जणांचा खून, बलात्कार. अत्यंत भयानक गुन्हा. भटक्या जमातीतल्या सहा मजुरांना पकडलं. २००६ ला सेशन्स कोर्टानं फाशी दिली, २००९ ला सुप्रीम कोर्टानं सहाही जणांना फाशी. मग फेरविचार झाला आणि ५ मार्च २०१९ ला त्याच सुप्रीम कोर्टानं सहाही जणांना निर्दोष सोडलं. निकालात काय दिसलं? वाचलेल्या जखमी साक्षीदार बाईंनी घटनेनंतर लगेच पोलिसांच्या अल्बममधून दुसऱ्याच चौघांचे फोटो ओळखले होते, त्यांच्यावर खटला झालाच नाही. कोर्टानं स्पष्ट लिहिलं की आरोपी भटक्या जमातीचे, अगदी तळातले गरीब मजूर आहेत, त्यांना खोटं गुंतवलं असण्याची शक्यता नाकारता येत नाही. प्रत्येकी पाच लाख भरपाई आणि पुढचा तपास करा असा आदेश. त्यातला एक जण घटनेच्या वेळी अल्पवयीन होता हे आधीच निघालं होतं. सोळा वर्षं गेली. आणि ज्या घरातले पाच जण गेले त्यांना काय मिळालं? खरे मारेकरी मोकळे राहिले, म्हणजे लेबल लावल्यानं पीडिताचंही नुकसानच झालं. तुमचा "पळवाट" वाला मुद्दा इथं उलटा पडतो बघा, शिक्का बघून तपास करणं हीच खऱ्या गुन्हेगाराला मिळालेली पळवाट.

पोलिसांनाच धोपटायचं नाहीये, शिक्का समाजाच्या डोक्यातही असतोच. स्टॅनली कोहेननं १९७२ ला इंग्लंडमधल्या पोरांच्या टोळ्यांवर लिहिताना नैतिक घबराट ही कल्पना मांडली, की समाज अस्वस्थ असला की आपली भीती ठेवायला एक चेहरा शोधतो. १ जुलै २०१८, धुळे जिल्ह्यातलं राईनपाडा, आठवडी बाजार, व्हॉट्सॲपवर मुलं पळवणाऱ्या टोळीची अफवा फिरत होती, आणि भिक्षा मागत फिरणारे नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे मंगळवेढ्याकडचे पाच जण जमावानं ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून ठार मारले. डवरी गोसावी तर १८७१ च्या छापाच्या यादीतलेही नाहीत, भटके आहेत एवढंच. ओळखीचा नाही, फिरता आहे, कपडे वेगळे आहेत, बास. अफवा मोबाईलवर आली पण कुणावर बसवायची हे लोकांच्या डोक्यात आधीच ठरलेलं होतं.

आता तुमच्या सिलॅबसमधला सामाजिक नियंत्रणाचा भाग, औपचारिक आणि अनौपचारिक, जो सगळे दोन कॉलम करून पाठ करतात. प्रत्यक्षात ते दोन कॉलम एकमेकांना ढकलत असतात. ज्या समाजाला पोलीस स्टेशनची पायरी म्हणजे उलटं आपणच आत बसू अशी भीती, तो भांडण घेऊन कुठं जाणार? जातपंचायतीकडे. मी स्वतः पाहिलंय, पारध्याच्या पालावरून शेळ्या चोरीला गेल्या आणि तो तक्रार द्यायला गेला तर ठाणे अंमलदार हसला, "तुमच्याकडं पण चोरी होती होय". एफआयआर नाहीच. मग पंच बसतात, दंड घेतात, निकाल लावतात, कधी उकळत्या तेलातून नाणं काढायला लावून खरं-खोटं ठरवल्याच्या गोष्टी निघतात, बाईच्या चारित्र्यावर पंचायत बसते. कंजारभाट समाजातल्या तरुण पोरापोरींनी कौमार्य चाचणीविरुद्ध आवाज उठवला तर त्यांनाच वाळीत टाकायची भाषा झाली. म्हणून २०१६ चा सामाजिक बहिष्कार विरोधी कायदा आला, जुलै २०१७ पासून लागू, तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. चांगला कायदा आहे, मी वापरते. पण पंचांची ताकद कुठून येते हे बघायचं नसेल तर त्या कायद्यानं फार हलणार नाही. बाहेरचा शिक्का जितका घट्ट तितकी आतली पकड घट्ट, कारण बाहेर जायला जागाच नाही. आणि सर्वात जास्त मरण बाईचं, तिला दोन्हीकडून.

एक गोष्ट मात्र मला नेहमी खटकते. ब्रेथवेटनं १९८९ ला लाज वाटवण्याचे दोन प्रकार सांगितले, एक माणसाला परत आत घेणारा, एक कायमचा बाहेर काढणारा. जातपंचायत क्रूर आहे, बाईविरोधी आहे, पंच पैसे खातात, सगळं मान्य. तरी दंड भरला, जेवण घातलं की ती माणसाला परत पंगतीत घेते, शिक्षा संपते. आपल्या सरकारी व्यवस्थेत शिक्षा भोगली तरी, इतकंच काय निर्दोष सुटला तरी, संपत नाही. डुर्खाइम म्हणतो की गुन्हा प्रत्येक समाजात असणारच आणि शिक्षेनं बाकीचे लोक आपली मूल्यं पुन्हा घट्ट करतात (१८९५ चं पुस्तक, पेपरात हमखास येतं). ठीक आहे. पण बाकीच्यांची एकी बांधायला दरवेळी त्याच पालावरचा माणूस का लागतो, हे डुर्खाइमच्या हिशोबात बसत नाही, त्याला सत्तेचा प्रश्न फारसा पडलेला दिसत नाही.

आता थिअरीच्या विरुद्ध बाजूनं, कारण पेपरात तेही लिहावं लागतं आणि मलाही ते पटतं. लेबलिंग पहिला गुन्हा का घडतो हे सांगत नाही. काही लोक कुणी काही न म्हणताही निर्दय गुन्हे करतात. आणि या थिअरीच्या नादात पीडित विसरला जातो. मळ्यातल्या एकट्या घरात रात्री मार खाल्लेला म्हातारा शेतकरी, त्याला तुम्ही "विचलन ही सामाजिक रचना आहे" सांगायला जाऊ नका, आणि त्याची भीती खोटी नाही. ली आणि यंग यांनी १९८४ ला डाव्या विचारातल्याच लोकांना हे सुनावलं होतं, की गरिबाविरुद्धचा गुन्हा बहुतेकदा शेजारचा गरीबच करतो, तो गांभीर्यानं घ्या. माझ्या पक्षकारांपैकी काहींनी गुन्हे केलेत, मला माहीत आहे, त्यांना शिक्षा झाली तेव्हा मला वाईट वाटलं नाही. माझं म्हणणं एवढंच की शिक्षा कृत्याला हवी, त्या माणसाच्या पुराव्यावर हवी, आडनावावर नको.

तुमच्या "मग सोडायचं का" चं उत्तर हर्शीकडं जास्त सापडतं. १९६९ ला त्यानं प्रश्नच उलटा केला, माणूस गुन्हा का करतो यापेक्षा बहुतेक माणसं का करत नाहीत, तर बंध असतात म्हणून: जवळची माणसं, गमावण्यासारखं काहीतरी, गुंतलेला वेळ, नियमांवर विश्वास. आमच्या भागात याचं भाषांतर रेशनकार्ड, जातीचा दाखला, घरकुलाची जागा, पोरांची शाळा. जातीच्या दाखल्याला जुने पुरावे मागतात, पिढ्यान्‌पिढ्या फिरणाऱ्याकडं कुठला आलाय जुना महसुली पुरावा, दाखला नाही म्हणून सवलत नाही, पत्ता नाही म्हणून घरकुल नाही, आणि पत्ता नाही म्हणून जामीनही नाही. ज्यांची जागा नावावर झाली, पोरं आश्रमशाळेत का होईना टिकली, त्या कुटुंबांची नावं माझ्या फायलीत परत येण्याचं प्रमाण कमी, हा माझा अनुभव, आकडेवारी म्हणून लिहू नका.

उत्तरात ताजं काही टाकायचं असेल तर दोन टप्पे लक्षात ठेवा. मुंबई राज्यानं क्रिमिनल ट्राइब्जचा कायदा १९४९ ला काढला, देशभर ३१ ऑगस्ट १९५२ ला गेला, म्हणून विमुक्त, पण पाठोपाठ सराईत गुन्हेगारांचे कायदे आले, आपल्याकडं १९५९ चा. कागदावर फरक मोठा, जमातीऐवजी शिक्षा झालेली व्यक्ती. ठाण्यात मात्र रजिस्टरं जुनीच नावं घेऊन पुढं चालली. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगानं हा सराईत गुन्हेगारांचा कायदा रद्द करा असं २००० लाच सुचवलं होतं. आणि ३ ऑक्टोबर २०२४ चा सुप्रीम कोर्टाचा सुकन्या शांता निकाल, मूळ विषय तुरुंगातला जातिभेद, जेल मॅन्युअलमध्ये झाडलोट कोणत्या जातीनं करायची, स्वयंपाक कुणी, आणि विमुक्त जमातीच्या माणसाला आपोआप सराईत समजायची कलमं, ती कोर्टानं घटनाबाह्य ठरवली, शिवाय विमुक्तांना मनमानी अटक होऊ नये म्हणून आधीच्या निकालांमधली मार्गदर्शक तत्त्वं पोलिसांनी पाळावीत असं सांगितलं. हा निकाल मूळातून वाचा, लांब आहे पण इतिहासाचा भाग कुठल्याही गाईडपेक्षा चांगला आहे. मी त्याची प्रिंट बॅगेत ठेवते, रिमांडला दाखवायला. कधी मॅजिस्ट्रेट साहेब वाचतात, कधी म्हणतात मॅडम, जामीनदार आणलाय का ते सांगा.